चाकं आहेत, म्हणजे घर नाही

शांत?! कोण म्हणालं ते? कोण म्हणालं, "किती शांत आहे हो इथे"? तुम्ही? निळ्या टोपीवाले? नाही, नाही, बसा, उठू नका, मी ओरडत नाहीये, माझा आवाजच असा आहे, अठ्ठावीस वर्षं शाळेच्या कॅन्टीनमध्ये चारशे पोरांच्या डोक्यावरून "चला, पुढचा!" म्हणून ओरडलेय, एकदा वर गेलेला आवाज परत खाली येत नाही... पण शांत म्हणू नका! दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तुमच्यासारखी माणसं येतात, सफरचंदाच्या झाडांखाली उभी राहतात, आमच्या सहा घरांचे फोटो काढतात, "अगं बाई, बाहुलीचं घरच जणू!" म्हणतात आणि मग हळूच विचारतात, आम्हालाही असंच करायचंय, सुरुवात कुठून करू? आणि रोवेना, ती बघा, पांढऱ्या वेणीची, किटलीपाशी साळसूदपणे हसत उभी आहे ना, ती मला म्हणते, "विनी, तू सांग त्यांना, तू छान सांगतेस." छान! सांगते ना. पण आधी त्या बाहुलीला विचारा, तिच्या दारावर कधी कौन्सिलची नोटीस चिकटवली होती का!

मी विनिफ्रेड टॉलबट. विनीच म्हणा. आज अडुसष्ट वर्षांची आहे. सहासष्टाव्या वर्षापर्यंत मी खाली नदीकाठच्या गावात भाड्याच्या घरात राहत होते. एकोणीस वर्षं! माझा नवरा त्याच घरात गेला, त्याच्या हातचा गुलाब कुंपणावर होता. मालक म्हातारा होता, भला होता, वारला. मग आला त्याचा पुतण्या. पायात मोजे नाहीत, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात कॉफी. म्हणतो, "विनी, मनाला लावून घेऊ नकोस हं, पण आम्हाला या घराला आता एक वेगळी दिशा द्यायची आहे." दिशा! घराचं तोंड उत्तरेला होतं, आमच्या या दक्षिण टोकाला ऊन उत्तरेकडूनच येतं, दिवसभर आत यायचं, अख्ख्या टास्मानियात त्याहून चांगली दिशा नाही! पण त्याला म्हणायचं होतं की सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना रोजाच्या भाड्याने द्यायचंय. आठ आठवड्यांत बाहेर. मी दुसरं घर शोधायला गेले, तर एजंटच्या ऑफिसातली ती पोरगी, तिला मी पहिलीपासून सॅन्डविचं दिलीत, ती मला विचारते, "काम करता का? नाही? एकट्याच? बरं, आम्ही फोन करू." अजून करतेय फोन! आणि मग, तुम्हाला सांगते, अकरा दिवस मी गाडीत राहिले. हे मी ओळखीच्यांना सांगत नाही. तुम्ही परके आहात म्हणून सांगितलं. आणि असे चेहरे करू नका, चहा घ्या.

तर बाराव्या दिवशी सकाळी गाडीच्या काचेवर टकटक. बघते तर रोवेना! ती गावातल्या वाचनालयात कामाला होती, मी तिथल्या पार्किंगमध्ये. काच खाली केली तर म्हणते, "विनी, तू हल्ली पुस्तकं न घेता रोज इथे का येतेस?" आता हिला काय सांगू? मी रडले, मग ती रडली, मग नाक पुसून म्हणते, "माझ्याकडे एक कल्पना आहे." तिथेच मी गाडी सुरू करून निघून जायला हवं होतं! या बाईला कल्पना सुचते तेव्हा दुसऱ्या कुणाची तरी दोन वर्षं जातात! कल्पना काय, तर सहा जणांनी मिळून डोंगरातली एक जुनी सफरचंदाची बाग घ्यायची, जमीन सगळ्यांची मिळून, आणि त्यावर प्रत्येकाचं एकेक छोटं घर, चाकांवरचं. भाजीचा वाफा एक, कपडे धुवायची खोली एक, पाण्याची टाकी एक. कुणी कुणाचा मालक नाही, कुणाला पुतण्या नाही! हे पुतण्याचं ऐकलं आणि मी हो म्हणाले.

घर बांधलं डेझने. डेझ म्हणजे तो पलीकडे शिडीवर चढलेला. जन्मभर होड्या बांधल्या त्याने, त्यामुळे माझ्या घराला एकही कपाट सरळ नाही पण पाऊस एक थेंब आत येत नाही. चोवीस फूट लांब, आठ फूट रुंद. मी सांगितलं, डेझ, मला बाकी काही नको, ओव्हन मात्र पुरा हवा, मोठा. तो म्हणतो, "अगं विनी, एवढा ओव्हन ठेवला तर तुला झोपायला माळ्यावर चढावं लागेल." म्हटलं, चढेन! चढतेय. रोज. गुडघे मला शिव्या घालतात, मी डेझला घालते, डेझ ऐकू येत नाही असं दाखवतो.

आता तुम्हाला वाटेल, जमीन मिळाली, घर झालं, सुटलो. कसलं सुटलो! आधी मीटिंगा! रोवेनाने कुठल्याशा पुस्तकात वाचलं की एकत्र राहायचं तर मतदान नको, सगळ्यांचं एकमत हवं. आणि ज्याच्या हातात लाकडी चमचा तोच बोलणार. माझा चमचा! माझ्या डब्यातून न विचारता घेतलेला! दर रविवारी आम्ही सहा जण गोल करून बसायचो आणि माझा पुडिंगचा चमचा हातोहात फिरायचा. खताचा संडास कुठे बांधायचा, यावर सात रविवार! सात! एकाला वारा चालत नाही, एकीला सावली चालत नाही, रोवेना डोळे मिटून म्हणते, "मला वाटतं आपण जमिनीला काय हवंय तेही ऐकू या." अगं, जमिनीला काय हवंय! जमिनीला खत हवंय, त्याचसाठी चाललंय ना सगळं! पण मी बोलले तर, "विनी, चमचा नाहीये तुझ्याकडे." सातव्या रविवारी डेझने चमचा घेतला, एकच वाक्य बोलला, "मी खड्डा खणलाय." संपलं. झालं एकमत. आणि हे सगळं कशापायी? तर चोवीस फुटांच्या घरापायी!

मग आला लेनर्ड स्पिंक. कौन्सिलचा बांधकाम तपासनीस. हातात मोजायची फीत, अंगात पिवळं जाकीट, डोक्यावर हेल्मेट. सफरचंदाच्या बागेत हेल्मेट! काय डोक्यात पडणार होतं, सफरचंद? या लेनर्डला तो सात वर्षांचा असल्यापासून मी ओळखते, सॅन्डविचच्या कडा काढून टाकायचा आणि मी बघितलं की खिशात घालायचा. तो माझ्या दारात उभा राहून म्हणतो, "मिसेस टॉलबट, हे काय आहे?"

म्हटलं, "घर आहे, लेनर्ड."

तो वाकला, खाली बघितलं. "याला चाकं आहेत."

"आहेत."

"चाकं आहेत, म्हणजे घर नाही. हे वाहन आहे. आणि वाहनात कायमचं राहता येत नाही."

"मग चाकं काढते."

"चाकं काढली तर ते घर होईल."

"मग झालं की!"

"नाही ना, मिसेस टॉलबट, या जमिनीवर एकच घर चालतं. तुमची सहा होतील."

"बरं, मग चाकं ठेवते."

"मग राहता येणार नाही."

तुम्हाला सांगते, माझं टाळकंच सरकलं! म्हटलं, "लेनर्ड, सरळ सांग, मी यात काय करू शकते?" त्याने वही उघडली, वहीत बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही यात सामान ठेवू शकता." सामान! म्हणजे माझ्या खुर्चीला इथे राहायची परवानगी आहे आणि खुर्चीवर बसणारीला नाही! म्हटलं, मीही जुनं सामानच आहे, लिहून टाक. हसला नाही. तो लहानपणीही हसायचा नाही. म्हणाला, आधी वाहन म्हणून नोंदणी करून आणा, पुढचं मग बघू. मी गेले गाड्यांच्या नोंदणी कार्यालयात, तिकडचा माणूस फोटो बघून म्हणतो, "बाई, यात तर ओव्हन आहे!" म्हटलं, आहे. "पडदे आहेत!" म्हटलं, आहेत. "अहो, मग हे घर आहे, इथे कशाला आलात? कौन्सिलमध्ये जा!" मी तिथल्या बाकावर बसले आणि सोबत नेलेलं सॅन्डविच खाल्लं. कडांसकट! कारण दुसरं काहीही केलं असतं तर मला पोलिसांनी नेलं असतं.

तरी आम्ही राहिलो. राहणार नाही तर जाणार कुठे? हिवाळा गेला, चिखल गेला, पाइप गोठले, त्या गुबगुबीत, जमीन उकरणाऱ्या वॉम्बॅटने माझ्या घराखाली बीळ केलं आणि घर एका बाजूला कललं, दोन आठवडे माझे सगळे केक एका बाजूने जाड. चालवून घेतलं! पण मग सुरू झाली पत्रं.

पत्रं कुणाची, तर क्लॉड हॅगर्टीची. ते बघा, ओढ्याच्या पलीकडे, ते दगडी घर, लाल छपराचं, समोर गाई चरतायत. तिथे राहतो. एकटा. वय पंच्याहत्तर, खांदे दरवाजाएवढे, बोलणं महिन्याला चार शब्द. पण लिहिणं! तुम्हाला सांगते, या माणसाने आमच्याविरुद्ध कौन्सिलला एकेचाळीस पत्रं लिहिली. एकेचाळीस! एका पत्रात, धूर येतो. दुसऱ्यात, कोंबडा ओरडतो. आमच्याकडे कोंबडा नाहीच, कोंबड्या आहेत, ओरडते ती रोवेना, सकाळचं गाणं म्हणते ती! तिसऱ्यात, वाळत घातलेल्या कपड्यांमुळे गाई बिचकतात. ते कपडे माझे होते. माझ्या परकराला बघून गाय बिचकते असं सरकारी कागदावर लिहिलंय, शिक्का मारलाय, फाइलला लावलंय! मी कुंपणापाशी जाऊन विचारलं त्याला, "क्लॉड, नेमका त्रास काय आहे तुम्हाला?" तो गाईकडे बघत म्हणाला, "बाई, चित्र बिघडतं." आणि गेला निघून. चित्र! हा काय चित्रकार लागून गेलाय?

आणि एकेचाळिसाव्या पत्रानंतर आली नोटीस. लेनर्डने स्वतः येऊन सहा दारांवर सहा चिकटवल्या, डोळ्याला डोळा न भिडवता. "या जमिनीवरील सर्व अनधिकृत घरे साठ दिवसांत हलवावीत." सुनावणी होती, साठाव्या दिवशी, पण रोवेनाने चौकशी केली तेव्हा कौन्सिलमधली मुलगी म्हणाली, ती नावापुरतीच असते हो.

त्या दिवशी... हे हसण्यासारखं नाही, त्यामुळे पटकन सांगते. त्या दिवशी मी घरात गेले, दार लावलं, ओव्हन पेटवला आणि आत काही ठेवलंच नाही. तासभर रिकामा ओव्हन तापवत बसले. परत ती गाडी, परत ते पार्किंग, परत सीट मागे करून पाय कुठे ठेवायचे ते... सहासष्ट वर्षं मी कुणाचं काही बुडवलं नाही, कुणाच्या पोराला उपाशी वर्गात पाठवलं नाही, आणि माझ्या वाट्याला आठ फूट बाय चोवीस फूटसुद्धा या पृथ्वीवर नाही? मग डेझने दार ठोठावलं, म्हणाला, "विनी, काहीतरी जळतंय." म्हटलं, "मी जळतेय!"

आणि खरंच, तुम्हाला सांगते, रडणं गेलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मी ती नोटीस परत वाचली. "हलवावीत." हलवावीत म्हणतात काय? रविवारच्या मीटिंगमध्ये रोवेना डोळे मिटून श्वासबिस घेत होती, मी तिच्या हातातून चमचा ओढला, म्हटलं, "हलवा म्हणतायत ना? हलवू की! चाकं कशाला आहेत? साठाव्या दिवशी सकाळी सहाच्या सहा घरं हलवू आणि थेट कौन्सिलच्या दारात नेऊन उभी करू! घ्या म्हणावं, हलवली!" मग डेझ म्हणाला, "पार्किंग मोठं आहे त्यांचं." एवढ्या झटपट एकमत आमच्यात त्याआधी कधी झालं नाही आणि त्यानंतरही नाही.

पण ओढणार कोण? डेझचा ट्रॅक्टर म्हणजे चढावर मागे येणारा. या खोऱ्यात ओढायची ताकद असलेला ट्रॅक्टर एकाचकडे... बरोबर! मी स्वतः गेले क्लॉडकडे. म्हटलं, "क्लॉड, आम्ही घरं हलवतोय." तुम्हाला सांगते, त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा दात बघितले! "कधी?" म्हणतो. "मदत लागेल का?" अहो, एवढा आनंद! त्याने स्वतःचा ट्रॅक्टर आणला, डोंगरापलीकडच्या चुलतभावांचे पाच आणले, साखळ्या आणल्या, आमची गडबड नको म्हणून पहाटेच येऊन टायरमध्ये हवा भरली! आमच्या उच्चाटनाला जो उत्साह त्याला होता, तेवढा मला माझ्या लग्नात नव्हता!

तर साठाव्या दिवशी सकाळी निघाली आमची वरात. ऑक्टोबर होता, म्हणजे आमच्याकडचा वसंत, बाग पांढरीशुभ्र फुललेली, आणि त्यातून एकामागून एक सहा घरं बाहेर. सगळ्यात पुढे माझं, ओढणारा क्लॉड, आणि मी त्याच्या शेजारी, ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये ती असते ना टीचभर सीट, तिच्यावर. नऊ मैल! ताशी सहाच्या वेगाने! दीड तास त्या माणसाच्या कोपराला कोपर लावून! मागे गाड्यांची रांग, लोक हॉर्न वाजवतायत, कुणी हात हलवतंय, कुणी शिव्या देतंय, माझ्या घरातल्या कपबशा खळखळ वाजतायत, आणि हा गप्प. मी मनात म्हटलं, बाई, आता नाही बोललीस तर फुटशील. म्हटलं, "झालं ना समाधान? आता चित्र छान दिसेल ना?"

त्याने गिअर बदलला. मग रस्त्याकडे बघतच म्हणाला, "आयव्ही शेवटची दोन वर्षं अंथरुणातच होती." आयव्ही म्हणजे त्याची बायको. "पलंग खिडकीला लावला होता. तिला तिथून बाग दिसायची. फुलली की मला हाक मारायची, क्लॉड, बघ, आली. दर वर्षी. आता मी बसतो तिथे. ते चार नंबरचं घर मध्ये येतं. बरोबर मध्ये."

तुम्हाला वाटत असेल मी विरघळले. मुळीच नाही! मी इतकी भडकले, इतकी भडकले की ट्रॅक्टरमधून उतरून पायी जाणार होते, तसंही पायी लवकर पोचले असते! म्हटलं, "अहो क्लॉड! एकेचाळीस पत्रं लिहिलीत तुम्ही! धूर लिहिला, कोंबडा लिहिला, माझा परकर लिहिला! त्यात खिडकी हा शब्द कुठे आहे? आयव्ही हा शब्द कुठे आहे? एकदा, फक्त एकदा कुंपणापाशी म्हणाला असतात, बाई, ते घर वीस पावलं सरकवा, तर त्याच दुपारी सरकवलं असतं! चाकं आहेत त्याला!"

तो म्हणाला, "कसं म्हणायचं असं?"

कसं म्हणायचं! तोंडाने म्हणायचं! पण हे पुरुष... निळी टोपी, तुम्हाला नाही म्हणत मी... यांना गाय बिचकली हे कौन्सिलला लिहिता येतं, पण बायकोची आठवण येते हे शेजारणीला सांगता येत नाही. आणि भोगायचं कुणी? मी साठ दिवस धड झोपले नाही ती कशापायी? तर चोवीस फुटांच्या घरापायी! नाही, खरं तर एका खिडकीपायी!

पोचलो. सहा घरं कौन्सिलच्या पार्किंगमध्ये ओळीने लावली, डेझने दोन पांढऱ्या रेघांमध्ये एकेक असं नीट लावलं. सुनावणी दोन वाजता. आत जाऊन बसलो तर आधीचा विषय चाललेला, कुत्र्यांच्या बागेचं कुंपण केवढं उंच असावं. सव्वादोन तास! कुत्री मोजतायत, कुंपण मोजतायत, एक माणूस कुत्र्याचा फोटो घेऊन आलेला! मी जरा वारा खायला बाहेर गेले, तर बघते काय, कौन्सिलचीच एक मुलगी, गणवेशातली, माझ्या घराच्या खिडकीवर कागद लावतेय. म्हटलं, "हे काय गं?" म्हणते, "इथे गाड्या दोनच तास उभ्या करता येतात, आजी. दंड आहे." वाचलं. तुम्हाला सांगते, मी तो कागद तीनदा वाचला. लिहिलं होतं, "आपले वाहन दोन तासांपेक्षा अधिक वेळ उभे होते." वाहन! शिक्का कौन्सिलचा! मी त्या पोरीचा मुकाच घेतला. घाबरली बिचारी. म्हटलं, "बाळ, बाकीच्या पाचांनाही लाव. एकही सोडू नकोस!"

आत आमचा नंबर लागला. प्रत्येकाला तीन मिनिटं. मी भाषण लिहून नेलं होतं, रोवेनाने तपासलेलं, त्यात "समाज" हा शब्द नऊ वेळा होता. ते खाली ठेवलं. एका हातात दारावरची नोटीस, दुसऱ्या हातात तो दंड. म्हटलं, "अध्यक्षबाई, हा तुमचा कागद म्हणतो हे अनधिकृत घर आहे. आणि हा पण तुमचाच कागद, आत्ताच, ताजा, म्हणतो हे वाहन आहे. घर असेल तर हा दंड परत घ्या. वाहन असेल तर ही नोटीस परत घ्या. दोन्ही कसं घेऊ मी? लेनर्ड, तू सांग! उभा राहा! सांग, काय आहे ते?" लेनर्ड उभा राहिला. लाल झाला. खिशातून फीत काढली, परत ठेवली. मागे कुत्र्यांच्या कुंपणाची माणसं अजून बसलेली, ती टाळ्या वाजवायला लागली. मी म्हटलं, "थांबा, माझं संपलं नाही. या खोलीतल्या निम्म्या लोकांना मी जेवू घातलंय. शाळेच्या पोरांना बाहेर पावसात उभं राहून खावं लागू नये म्हणून मी कॅन्टीनचं दार तुमच्या नियमाविरुद्ध उघडं ठेवायचे. माझ्यासाठी कुणी ठेवणार आहे का? मला घर म्हणा, गाडी म्हणा, डबा म्हणा, काहीही म्हणा! पण मला सांगा की मी उद्या सकाळी कुठे उठायचं!" आणि घंटा वाजली. तीन मिनिटं. बसले. रोवेनाने हात धरला.

मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "तक्रारदार मिस्टर हॅगर्टी." क्लॉड उठला. टोपी हातात चुरगाळत. तीन मिनिटं होती त्याला, त्यातली दोन तो नुसता उभा होता. मग म्हणाला, "चार नंबर वीस पावलं उत्तरेला घ्या. बाकी राहू देत." आणि बसला! एकेचाळीस पत्रांचा माणूस!

अध्यक्षबाईंनी लेनर्डकडे बघितलं, लेनर्डने वहीत बघितलं, वहीत काही नव्हतं. मग त्या सगळ्यांनी मिळून अर्धा तास कुजबुज केली आणि निकाल दिला. सहा छोट्या घरांना तीन वर्षांची परवानगी, प्रयोग म्हणून. घर की वाहन, ते अजूनही ठरलेलं नाही. कागदावर लिहिलंय, "सदर वस्तू." मी सदर वस्तूत राहते. दंड मात्र माफ केला नाही. आणि अट एकच, चार नंबर वीस पावलं उत्तरेला.

चार नंबर कुणाचा? तुम्ही आता हसलात, कळलं वाटतं. माझा! अहो, माझाच! सकाळचं ऊन स्वयंपाकघरात यायचं, खिडकीतून ओढा दिसायचा, डेझने मुद्दाम तसं लावलं होतं. क्लॉडने त्याच संध्याकाळी स्वतः ओढून वीस पावलं उत्तरेला आणून ठेवलं, वर आणखी दोन पावलं नेलं, खात्री म्हणून. आता माझ्या खिडकीतून काय दिसतं? संडास! सात रविवारांचा तो संडास! भांडी घासताना दिवसभर तेच. या जमिनीवर कोण किती वेळा जातं हे मला तोंडपाठ आहे, आणि रोवेना गेली की काय गाणं म्हणते तेही!

क्लॉडने माफी मागितली का? नाव नको! पुढच्या रविवारी कुंपणावरून एक पिशवी आत ठेवली, त्यात गाईच्या मांसाचा मोठा तुकडा. म्हणाला, "ओव्हन मोठा आहे म्हणे." आता येतो दर रविवारी जेवायला. एक अक्षर बोलत नाही, दोनदा वाढून घेतो, ताट धुतो आणि जातो. फुलांच्या दिवसांत मात्र येत नाही तो. मी ताट झाकून तिकडे नेऊन देते. खिडकीत बसलेला असतो. मी काही बोलत नाही. माफ केलेलं नाही मी त्याला, एवढं लक्षात ठेवा!

तर ही आमची शांतता. आता विचारा काय विचारायचं ते. हं, तुम्ही, मागे, तपकिरी स्वेटरवाल्या. मोठ्याने बोला. काय? जागा?... नाही! नाही हो! ऐकलंत ना तुम्ही सगळं? परवानगी सहाची आहे! सातवं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा लेनर्ड, पुन्हा ती फीत, पुन्हा ते हेल्मेट, पुन्हा सुनावणी, माझं वय काय, माझे गुडघे काय... नाही जमणार. स्पष्ट सांगते.

...किती वर्षं आहात त्या घरात? तेवीस? आणि बाहेर कधी काढतायत? नाताळच्या आधी?... आणि मग कुठे राहणार? बहिणीच्या कपडे धुवायच्या खोलीत? मशीन आणि भिंत यांच्यामध्ये?

डेझ! उतर खाली शिडीवरून. रोवेना, तू हसू नकोस, वही आण. नाव काय तुझं, बाई? मर्ना? बघ मर्ना, मी तुला हो म्हटलेलं नाही. रविवारी दहा वाजता ये. आणि येताना उशी घेऊन ये, कारण खुर्च्या कडक आहेत आणि तुला ठेवायचं कुठे, यावर आम्ही निदान नाताळपर्यंत भांडणार आहोत.